रात्री सिझर होते का, ते मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गडचिरोली जिल्ह्यातल्या रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञांची पदे रिक्त असल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्या छापल्याच पाहिजेत. मात्र पद भरल्याची बातमी आली की प्रश्न सुटला, असे सगळेच धरून चालतात आणि घोटाळा तिथेच होतो. अडलेल्या बाईचे सिझर करायला स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, तिला भूल द्यायला भूलतज्ज्ञ हवा, तिच्या गटाची रक्तपिशवी फ्रिजमध्ये हवी, ती क्रॉसमॅच करणारा, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून पाहणारा तंत्रज्ञ जागेवर हवा, ओटीची, म्हणजे शस्त्रक्रियागृहाची सिस्टर हवी, निर्जंतुक केलेले ड्रम तयार हवेत, जनरेटरमध्ये डिझेल हवे आणि बाळ रडले नाही तर त्याला सांभाळणारे कोणीतरी हवे. यातले एक नसले तर बाकीचे सगळे असून नसल्यासारखेच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पदे किती भरली हे जरूर सांगावे, पण त्याबरोबर प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत किती सिझर झाली, हा आकडा दर महिन्याला जाहीर करावा. सिझरची संख्या वाढावी म्हणून आम्ही हे मागत नाही. कळा घड्याळ बघून येत नाहीत. एखाद्या रुग्णालयात महिन्याला वीस सिझर होतात आणि वीसच्या वीस दिवसाउजेडी होतात, तर याचा अर्थ एवढाच की रात्री अडलेल्या बायका पुढे पाठवल्या जातात, किंवा रात्र अंगावर येऊ नये म्हणून थांबता येण्यासारखी बाईही दुपारीच टेबलावर घेतली जाते. दोन्ही वाईट. हा एक आकडा रुग्णालयाची खरी अवस्था सांगतो, आणि तो कागदावर रंगवणेही अवघड असते, कारण ओटीच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली असते.

या मागणीमागे जिल्ह्याचा भूगोल आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तालुके बारा आणि बहुतेक भाग जंगलाचा. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर. सिरोंचा त्याहूनही लांब. तिथली माणसे नदी ओलांडून तेलंगणात उपचाराला जातात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. राज्याचा माता मृत्युदर २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. महाराष्ट्राचा आकडा चांगलाच आहे, पण त्या सरासरीत पुणे आहे आणि आमच्या जिल्ह्यातली एटापल्लीही आहे.

अंतराला किलोमीटरपेक्षा तासांत मोजावे. प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर सरासरी दोन तासांत बाई दगावते. प्रसूतीआधीच्या रक्तस्रावात साधारण बारा तास मिळतात, गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांच्या आजारात दोन दिवस, अडलेल्या प्रसूतीत तीन दिवस, जंतुसंसर्गात सहा. म्हणजे सिझरसाठी चार तासांचा रस्ता कसाबसा चालून जाईल, रक्तस्रावासाठी चालणार नाही. रक्तस्रावाचा पहिला उपचार प्रसूती होते त्याच खोलीत झाला पाहिजे आणि सिझर-रक्ताची सोय दोन तासांच्या आत पाहिजे. सगळी आखणी या एका हिशेबावर बसवावी लागते.

आता तज्ज्ञांचा हिशेब. पन्नास हजार वस्तीचा तालुका धरा. हजारी सोळा जन्म धरले तर वर्षाला ८०० बाळंतपणे. त्यात दहा टक्क्यांना सिझर लागले तर ८०, म्हणजे आठवड्याला दीड. एवढ्यासाठी तिथे एकच स्त्रीरोगतज्ज्ञ नेमला तर काय होते? आठवड्यात तास १६८. एक माणूस ४८ तास ड्युटी करील, उरलेले १२० तास तालुका वाऱ्यावर. त्याने रात्रंदिवस ऑन-कॉल राहावे अशी अपेक्षा ठेवली जाते. वर्ष-दीड वर्षात तो थकतो, रजेवर जातो आणि परत येत नाही. शिवाय आठवड्याला दीड शस्त्रक्रियेत ओटीच्या सिस्टरचा आणि भूल देणाऱ्याचा हात बसलेला राहत नाही. भूलतज्ज्ञ दुसऱ्याच तालुक्यात असेल तर ते दीड सिझरही होत नाही. प्रत्येक तालुक्याला एकेक तज्ज्ञ वाटून देणे ऐकायला न्यायाचे वाटते, प्रत्यक्षात त्यातून एकही जागा चोवीस तास चालत नाही.

आमच्या मते दक्षिण गडचिरोलीत तीन स्त्रीरोगतज्ज्ञ, तीन भूल देणारे डॉक्टर आणि दोन बालरोगतज्ज्ञ अहेरीत एकत्र ठेवावेत आणि दुसरे, थोडे लहान पथक सिरोंचात. तिघे असले की पाळी लागते, रजा मिळते, अवघड केसमध्ये दुसरा हात मिळतो. एटापल्ली, मुलचेरा, भामरागडच्या रुग्णालयांत मग सिझरचे नुसते नाव ठेवू नये. तिथे उत्तम नॉर्मल प्रसूती, रक्तस्राव आणि झटक्यांचा पहिला उपचार आणि वेळेवर पाठवणी एवढे पक्के करावे. स्थानिक पुढाऱ्यांना हे आवडणार नाही, आपल्या तालुक्याचा तज्ज्ञ पळवला असे वाटेल. तरी आम्ही हेच सांगू. भामरागड मात्र पावसाळ्यापुरते अपवाद आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

भूल देणारा हा सगळ्यांत कच्चा दुवा. स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतो, भूलतज्ज्ञ मिळत नाही, आणि बाई भुलेअभावी पुढे जाते. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भुलेचे आणि आपत्कालीन प्रसूतीचे प्रशिक्षण देण्याची योजना देशात जुनी आहे आणि कल्पना चांगली आहे. ती फसते ती नेमणुकीत. भूल शिकून आलेला डॉक्टर पुन्हा ओटी नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, सहा महिने पाठीच्या कण्यात सुई घालत नाही, आणि मग रात्री दोन वाजता पहिल्यांदा बोलावले की त्याचा हात थरथरतो. यात त्याचा दोष नाही. सिझर शिकणारा आणि भूल शिकणारा अशी जोडीच प्रशिक्षणाला पाठवावी, जोडीनेच एका ओटीत नेमावी आणि दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस मोठ्या रुग्णालयात हात ताजा करायला सोडावी. गडचिरोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करणे बंधनकारक आहे. भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर या तीन महिन्यांत वरिष्ठाच्या देखरेखीखाली अहेरीपर्यंत का येऊ नयेत?

रक्ताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे असूनही इथेच गाडी अडते. रक्त साठवण केंद्र ही स्वतंत्र रक्तपेढी नसते. ते एका मोठ्या रक्तपेढीला जोडलेले असते, तपासलेल्या पिशव्या तिथून येतात. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ए, बी, ओ पॉझिटिव्ह प्रत्येकी ५, एबी पॉझिटिव्ह २ आणि ए, बी, ओ निगेटिव्ह प्रत्येकी १, अशा २० पिशव्या ठेवायच्या असतात. साध्या पिशवीतले अख्खे रक्त ३५ दिवस टिकते, विशेष द्रावणातल्या तांबड्या पेशी ४२ दिवस. दूरच्या केंद्राने पेशीच मागवाव्यात आणि मुदत संपायच्या दहा दिवस आधी न वापरलेल्या पिशव्या मुख्य पेढीकडे परत पाठवाव्यात, म्हणजे तिकडे त्या वापरल्या जातात. हे चक्र बसले नाही की पिशव्या फेकाव्या लागतात, फेकल्याचा जाब विचारला जातो आणि मग प्रभारी पिशव्या मागवायचेच बंद करतो. रिकाम्या फ्रिजचे कारण पुष्कळदा हे असते.

त्या फ्रिजचेही ऐका. रक्ताला २ ते ६ अंश तापमान लागते. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ पिशवी गोठते, पेशी फुटतात, आणि असे रक्त चढवणे जिवावर बेतते. रक्तासाठीच्या खास फ्रिजला तापमानाची तबकडी आणि भोंगा असतो. पण फ्रिज प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप, किल्ली तंत्रज्ञाच्या घरी. रात्री वीज जाते, इन्व्हर्टरला कंप्रेसरचा भार पेलत नाही, भोंगा बंद खोलीत वाजत राहतो आणि सकाळी तबकडीवरची शाईची रेघ वर चढलेली दिसते. उपाय फार खर्चाचा नाही. फ्रिजच्या भोंग्याची वायर लेबर रूमपर्यंत ओढावी, कारण तिथे सिस्टर रात्रभर जागी असते. स्टॅबिलायझर आणि जनरेटरची स्वतंत्र लाइन द्यावी. किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरच्या ताब्यात असावी. आणि रात्रीसाठी दुसरा तंत्रज्ञ नेमावा. क्रॉसमॅचला पाऊण तास लागतो, त्यात तंत्रज्ञाला घरून उठवून आणण्याचा तास मिळवू नये.

लेबर रूममधल्या पहिल्या तासाकडे वळू. रक्त किती गेले हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडले की अंदाज नेहमी कमी निघतो, कारण रक्त कपड्यात, पॅडमध्ये, टेबलाखाली मुरलेले असते. बाईच्या खाली पसरायची प्लास्टिकची खुणांची पिशवी मिळते. रक्त तिच्या नळकांडीत उतरते आणि ३००, ५०० मिलीच्या रेघा समोर दिसतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत या पिशवीबरोबर उपचारांचा एक संचच लावून पाहिला. २०२३ साली निष्कर्ष आले, गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. संचात नवे काही नाही: गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाइन, आणि वार (प्लासेंटा) पूर्ण आली का, कुठे फाटले आहे का हे पाहणे. फरक पडला तो हे सगळे एकाच वेळी, वाट न बघता केल्याने. ट्रॅनेक्झामिक प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी. म्हणून ते उपकेंद्रापर्यंत असायला हवे. जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत ती वेळ गेलेली असते.

ऑक्सिटोसिनची एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध आहे. आठवडाभर ट्रेमध्ये पडून राहिलेली अ‍ॅम्प्युल मे महिन्याच्या उन्हाळ्यात कमजोर होते. सिस्टर नियमाप्रमाणे १० युनिट देते, गर्भाशय आवळत नाही, आणि दोष बाईच्या अशक्तपणावर जातो. लेबर रूममध्येच छोटा फ्रिज ठेवावा आणि पाळीपुरत्याच अ‍ॅम्प्युल बाहेर काढाव्यात. वीज बेभरवशाची असेल तिथे त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या हाताशी हव्यातच, त्याही पाकिटात बंद, कारण त्या दमट हवेत खराब होतात.

झटक्यांच्या आजारात झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची भीती अजून गेलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाठवण्याआधी १० ग्रॅम द्यायचे, दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम. २ मिलीच्या ५० टक्के अ‍ॅम्प्युलमध्ये १ ग्रॅम असते, म्हणजे दहा अ‍ॅम्प्युल फोडाव्या लागतात. एवढ्या अ‍ॅम्प्युल पाहून हात आखडतो, एकाच बाजूला देऊन बाईला गाडीत घालतात आणि ती वाटेत पुन्हा झटके देते. पहिला डोस सुरक्षित असतो. पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर हलके ठोकले की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, लघवी तासाला ३० मिली होते का. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, १० टक्के, सोबत द्यायचे. दहा मॅग्नेशियम, एक कॅल्शियम, सिरिंज, सुया आणि मात्रेचा कागद अशी पेटी बांधूनच ठेवली तर अपरात्री मोजण्यात वेळ जात नाही.

या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो विसरून प्रसूतीची सेवा आखताच येत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले, तपासण्या वाढल्या. पण सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल आहे एवढेच सांगते. बाई वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या मोठ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच कळते. अहवाल यायला सहा आठवडे लागले तर बाळंतपण होऊन जाते. रुग्ण असलेल्या गर्भवतीला या आजारावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध थांबवून फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलीग्रॅम रोज द्यावे लागते, लोह तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्यांचा मारा करायचा नसतो, आणि छातीत दुखून धाप लागली तर ती साधी दमणूक समजायची नसते. तिच्यासाठी जुळणारे रक्त आधीच शोधून ठेवावे लागते.

सिकल नसलेल्या, पण लोह कमी असलेल्या बायकांसाठी एक सोय सहज करता येईल. शिरेतून द्यायचे आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलीग्रॅम जाते, म्हणजे हजार मिलीग्रॅमला पाच खेपा. साठ किलोमीटरवरून मजुरी बुडवून कोणती बाई पाच वेळा येईल? फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचे दुसरे लोह एका बैठकीत १००० मिलीग्रॅमपर्यंत देता येते, पहिले तीन महिने सोडून. इथल्या कित्येक बायकांचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते, म्हणून किलोमागे २० मिलीग्रॅमची मर्यादा पाळावी आणि नंतर अर्धा तास तिला समोर बसवून ठेवावे. औषध महाग आहे. वाचलेल्या चार खेपांचा हिशेब केला तर तेवढे महाग नाही.

बाळंतपणापलीकडच्या आजारांबद्दल याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आले. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. रात्रीसाठी एकत्र ठेवलेल्या पथकाला दिवसा हेच काम आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी व्हिनेगरसारख्या ५ टक्के द्रावणाने एका मिनिटात होते. पांढरा डाग दिसला आणि तो जाळण्याजोगा असला तर बॅटरीवरच्या यंत्राने १०० अंशाला वीस-तीस सेकंदांत त्याच बैठकीत जाळता येतो. पुन्हा बोलावले की निम्म्या येत नाहीत, म्हणून त्याच बैठकीत. ‘अंग बाहेर येते’ म्हणणाऱ्या बाईला लगेच गर्भपिशवी काढायला पाठवू नये. रबरी कडी बसवून, ती काढून धुवायला शिकवून तिची सोय पुष्कळदा होते. या सगळ्याला आधी तपासणीच्या खोलीला आतून कडी आणि पडदा लागतो. तो नसला की बाई ‘बरं वाटतंय’ म्हणून उठून जाते.

माहेरघर योजनेत बाळंतीण होणारी बाई आधीच येऊन राहावी अशी सोय आहे. ती येत नाही तेव्हा अंधश्रद्धेकडे बोट दाखवले जाते. आधी पाहावे की तिचे मागचे लेकरू तिथे राहू शकते का, सोबतच्या सासूला जेवण मिळते का, चूल मांडू देतात का, आणि तिथे कोणी माडिया ही इथल्या आदिवासींची भाषा बोलते का. सिरोंचाला तेलुगू लागेल. भाषा येणारी एक सिस्टर दहा फलकांचे काम करते.

दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लागते. खूण लावून सांगितले काय जाते? ‘मोठ्या दवाखान्यात जा.’ कोणत्या, हे त्या कार्डावर लिहिलेले असावे. आणि रोज संध्याकाळी ६ वाजता प्रत्येक सिझर-केंद्राने एक संदेश १०८ च्या नियंत्रण कक्षाला व सगळ्या आरोग्य केंद्रांना पाठवावा: आज रात्री शस्त्रक्रिया करणारा आहे की नाही, भूल देणारा आहे की नाही, कोणत्या गटाच्या किती पिशव्या, जनरेटर चालू की बंद. ‘नाही’ लिहिणाऱ्याला शिक्षा करू नये, नाहीतर सगळे ‘आहे’ लिहितील. हा संदेश असला तर आज भूल देणारा नाही अशा रुग्णालयात बाईला उतरवून, दीड तास घालवून पुन्हा गाडीत चढवावे लागणार नाही.

राहिले भामरागड. पुराआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत तिथल्या प्रत्येक गर्भवतीची यादी करावी. जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या जोखमीच्या बायकांना ३६व्या आठवड्यात अहेरीच्या बाजूला आणावे, मागच्या लेकरांसकट. जोखीम नसलेल्याही कधी अडतात, म्हणून त्या चार महिन्यांसाठी सिझर व भूल देणारी एक जोडी पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने भामरागडातच ठेवावी, २० पिशव्यांचा फ्रिज, वीस दिवसांचे डिझेल आणि दुप्पट ऑक्सिजन सिलिंडरसह. बाकीचे आठ महिने ही जोडी अहेरीत. आदेश एप्रिलमध्ये निघाला तरच हे जमते. जूनच्या आदेशाला रस्ता नसतो.

आपले विश्वासू,
प्रसूती, भूल आणि परिचर्या या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण,
गडचिरोली जिल्हा